बालगंधर्वांचे स्मृतिसत्र कसे बसवावे: तबकड्या, निवेदन आणि नेमके चुकते कुठे

बालगंधर्वांच्या नावाने होणारे बहुतेक कार्यक्रम एकाच साच्यातून निघतात. दीपप्रज्वलन, शालूतला मोठा फोटो, आजच्या गायकाकडून सहा-सात पदे आणि मध्ये मध्ये निवेदकाचा गहिवर. दोन तास बरे जातात, पण नारायण श्रीपाद राजहंस या माणसाचा स्वतःचा आवाज त्यात एकदाही ऐकू येत नाही. आयुष्यातली पडझड 'नंतरचे दिवस मात्र हलाखीचे गेले' एवढ्या एका वाक्यात आटोपते. सत्र बसवायचे तर क्रम उलटा धरावा: आधी तबकडी (जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड), तिच्याभोवती तारखा आणि आख्यायिका सगळ्यात शेवटी, त्याही जपून.

पुढचे सगळे पन्नास ते शंभर श्रोत्यांच्या, दोन तासांच्या सत्राला धरून लिहिले आहे. दिवस बहुधा २६ जून (जन्म, १८८८) किंवा १५ जुलै (निधन, १९६७) असतो. दोन्ही भर पावसातले. वीज जाणार, हवेत ओल असणार, ऑर्गनच्या पट्ट्या अडकणार, हे गृहीत धरूनच तयारीला लागावे.

वेळेचा हिशेब

१२० मिनिटांत आठ तबकड्या पुरेत. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटे वाजते, म्हणजे सव्वीस मिनिटे झाली. प्रत्यक्ष गायनाची दोन पदे, प्रत्येकी बारा मिनिटे. निवेदन चाळीस मिनिटे, मध्यंतर दहा, सुरुवात-आभार दहा. उरलेली दहा मिनिटे मोकळी ठेवा. ती कुठे जातात ते त्या दिवशी कळतेच. निवेदन लिहून काढा आणि मोठ्याने वाचून पाहा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द या गतीने चाळीस मिनिटांचे चार हजारांच्या वर शब्द होतात. ऐकायला हे भरपूर वाटते, पण बासष्ट वर्षांच्या कहाणीला (१९०५ ते १९६७) ते अपुरे पडतात. म्हणून काय गाळायचे हे आधीच ठरवा. आमच्या मते बालपण दोन मिनिटांत संपवावे आणि वाचलेला वेळ १९२० नंतरच्या वर्षांना द्यावा.

आयुष्याचे टप्पे

निवेदकाने या तारखा पाठच केलेल्या बऱ्या.

१९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश आणि शकुंतलेची भूमिका. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' रंगमंचावर आले. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व. त्या वेळी त्यांचे वय बावीस. त्याच दिवशी मुलगी गेली आणि तरीही ते प्रयोगाला उभे राहिले, ही हकीकत चरित्रांतून येते. ती सांगताना एक साधे वाक्य पुरते. खाली सारंगी लावली की प्रसंग लगेच मालिकेतला वाटू लागतो.

१९१३ मध्ये टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी. १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांच्या संगीताचे 'स्वयंवर', त्यात रुक्मिणी. १९१९ मध्ये 'एकच प्याला', सिंधू. राम गणेश गडकऱ्यांनी हा प्रयोग पाहिला नाही, त्याच वर्षीच्या जानेवारीत ते वारले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. 'गडकऱ्यांची पदे' असे म्हणणारा निवेदक दर वर्षी कुठे ना कुठे भेटतोच. १९२० मध्ये 'द्रौपदी'. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान', म्हणजे दोन मंडळ्यांचा एकत्र प्रयोग, समोर केशवराव भोसले धैर्यधर. केशवराव तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला गेले आणि पुढच्या एप्रिलात भास्करबुवाही. १९३१ मध्ये 'कान्होपात्रा'. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीबरोबर 'धर्मात्मा' हा चित्रपट, त्यात ते संत एकनाथ झाले. १९५५ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ ला पद्मभूषण. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ ला त्यांच्याच हस्ते बसली. २६ जून १९६८ ला वास्तू खुली झाली तेव्हा ते हयात नव्हते.

यातल्या दोन सांध्यांवर निवेदन नेहमी घसरते.

पहिला सांधा गंधर्व मंडळीच्या कर्जाचा. कर्जाचा आकडा सांगू नका, ज्याच्या त्याच्या तोंडी तो वेगळा असतो. त्याऐवजी पैसा जात कुठे होता ते सांगा. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते एकत्र कुटुंब: पगार, दोन्ही वेळच्या पंगती, रेल्वेभाडे, थिएटरचे भाडे, पडदे, खरे शालू, खरी अत्तरे, साथीला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. मुख्य नट आजारी पडला की तिकीटविक्री थांबे, खर्च चालूच राही. 'द्रौपदी'च्या थाटामाटाने हे ओझे फार वाढवले. १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट आला आणि प्रेक्षकाला कमी पैशांत करमणूक मिळू लागली. एवढे सांगितले की 'व्यवहार कळत नव्हता' हे जुने पालुपद लावावे लागत नाही. ते अगदी खोटे नाही, पण अर्धे आहे. त्या काळात व्यवहार कळणाऱ्यांच्या मंडळ्याही बुडाल्या.

दुसरा सांधा गोहरबाईंचा. पुढे बालगंधर्वांच्या सहचारिणी झालेल्या गोहर कर्नाटकी तीसच्या दशकाच्या अखेरीस मंडळीत आल्या. त्या स्वतः तयारीच्या गायिका होत्या आणि त्यांच्या तबकड्या निघालेल्या आहेत. तरी त्यांचा उल्लेख एकतर गाळला जातो, नाहीतर कुजबुजीच्या सुरात केला जातो. आठांतली एक तबकडी त्यांची ठेवा. गायकी ऐकली की सभागृहातली कुजबुज आपोआप थांबते. फोटो निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. त्या काळात गोहर तीन: कलकत्त्याच्या गौहर जान (निधन १९३०), रणजित मूव्हीटोनच्या नटी गोहर मामाजीवाला आणि या गोहर कर्नाटकी. इंटरनेटवर तिघींचे फोटो सर्रास एकमेकींच्या नावाखाली फिरतात.

टिळकांनी 'बालगंधर्व' ही पदवी दिली, ही कथा 'असे सांगतात' म्हणून सांगावी. साल, ठिकाण, उपस्थित मंडळी असा तपशील रंगवत बसू नये.

पदे कशी निवडाल

फक्त गाजलेली पदे घेतली तर सगळी १९११ ते १९१९ मधलीच येतात आणि सत्र तिथेच अडकते. आमची निवड साधारण अशी असते: 'मानापमान'मधले एक ('नाही मी बोलत नाथा'), 'स्वयंवर'मधली दोन ('नाथ हा माझा' यमनमधले, 'मम आत्मा गमला' बिहागमधले), 'एकच प्याला'तले 'कशि या त्यजूं पदाला', 'द्रौपदी'तले एक, 'कान्होपात्रा'तले 'अगा वैकुंठीच्या राया', एक गोहरबाईंचे आणि शेवटी उतारवयातले एखादे भजन. शेवटच्या ध्वनिमुद्रणात आवाज थकलेला आहे, श्वास अपुरा आहे. तो लपवू नका आणि त्याबद्दल आधी माफीही मागू नका. लयीतली पकड आणि शब्द टाकण्याची जागा तिथेही टिकून आहे. 'सम कशी गाठतात ते ऐका' एवढे सांगितले तरी श्रोता दयेने ऐकण्याऐवजी कान देऊन ऐकतो.

नाटकाचे साल आणि तबकडीचे साल एक नसते. १९१६ च्या नाटकातले पद बऱ्याच वर्षांनी, किंवा पुन्हा दुसऱ्यांदा मुद्रित झालेले असू शकते. 'हा अठ्ठावीस वर्षांचा आवाज' असे म्हणण्याआधी लेबलवरचा क्रमांक आणि आतल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाच्या साच्याचा) टिपून घ्या आणि संग्राहकांच्या याद्यांशी पडताळा. मेळ बसला नाही तर साल सांगूच नका.

नावांचा घोळ तर ठरलेला. सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर), छोटा गंधर्व (सौदागर गोरे) आणि कुमार गंधर्व यांची ध्वनिमुद्रणे नेटवर 'बालगंधर्व' म्हणून चढवलेली सापडतात. कुमारांनी बालगंधर्वांच्या पदांवर स्वतंत्र कार्यक्रमच केला होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. २०११ च्या चित्रपटातली आनंद भाटे यांनी गायलेली पदेही मूळ म्हणून पुढे पाठवली जातात. ओळखायची सोपी खूण: मूळ तबकडी सव्वातीन मिनिटांत संपते, खरखर असते आणि तबला दूरवर वाजल्यासारखा येतो. सात मिनिटांचे स्वच्छ 'बालगंधर्व' सापडले तर ते बहुधा बालगंधर्व नव्हेत.

तबकडी हाताळणे

ज्याने सत्र बिघडते ते बहुतेक वेळा इथेच.

जुनी तबकडी लाखेची असते. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, सुतार पॉलिश याच दोन गोष्टींचे करतो. म्हणून स्पिरिट, कोलन किंवा अल्कोहोल असलेला कोणताही क्लीनर तबकडीला लावायचा नाही; एका पुसण्यात खाचा जातात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल फिरवत धुवा. लेबल कोरडे राहिले पाहिजे. त्यावर प्लास्टिकचे झाकण दाबून धरले की काम होते. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपा आणि उभी करून पंख्याखाली दोन-तीन तास वाळवा. उन्हात ठेवली तर वाकते. पावसाळ्यात तबकडीवर पांढरी बुरशी धरते. ती कोरडी घासली तर खाचेत रुततेच, वर ओरखडेही पडतात, म्हणून आधी ओली करूनच काढावी. कडेला बारीक तडा दिसत असेल तर पाणी लावू नका. काही कंपन्यांच्या तबकड्यांत आत कागदाचा गाभा असतो. त्यात पाणी शिरले की तबकडी फुगते.

सुई बदलल्याशिवाय मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी आजच्या टर्नटेबलवर लावू नका. एलपीची सुई साधारण ०.७ मिल (१८ मायक्रॉन) असते. ती रुंद खाचेच्या तळाशी जाते आणि तळातली धूळच वाजवते. ७८ साठी ३ मिल (सुमारे ७५ मायक्रॉन) सुई लागते. तबकडी फार झिजलेली असेल तर २.५ आणि ३.५ मिल दोन्ही लावून बघा. झीज खाचेच्या एका ठरावीक उंचीवर असते, सुई तिच्या वर किंवा खाली बसली तर आवाज एकदम उजळतो. सुईवरचे वजन ३.५ ते ५ ग्रॅम. त्याहून हलके ठेवले तर सुई उडते आणि खाच उलट जास्त झिजते.

चावीचा भोंगेवाला ग्रामोफोन शोभेला उत्तम, पण त्याच्या ध्वनिपेटीचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते. दुर्मिळ प्रत त्यावर लावायची नाही. श्रोत्यांना दाखवायचेच असेल तर बाजारात सहज मिळणारी एखादी तबकडी लावा आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी घाला. त्या सुया एकाच वापरापुरत्या बनवलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला तीच चालवली तर तिला धार आलेली असते आणि ती खाच कापत जाते.

वेग, म्हणजेच पट्टी

'७८' हा आकडा लेबलवर असतो, पण सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी तबकड्या त्याच्या बऱ्याच खाली किंवा वर मुद्रित झाल्या आहेत. साधारण साडेचार फेऱ्यांच्या फरकाने आवाज अख्खा अर्धा स्वर सरकतो, काळी एकचे पांढरी दोन होते. वेग वाढला की बालगंधर्वांचा आवाज पातळ, किनरा होतो आणि ऐकणारा म्हणतो, 'बायकी गात.' मोठा अन्याय असा यंत्रातून होतो.

आधी टर्नटेबल तपासा. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती (टर्नटेबलवर ठेवायची, वेग तपासणारी) वापरतात. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२ आहे. एलईडी दिव्याखाली हे बहुधा नीट दिसत नाही, निऑनचा दिवा लागतो. मग तबकडीचा वेग ठरवा. एकाच दिवशी मुद्रित झालेल्या दोन बाजूंचा षड्ज ताडून पाहा. तबकडीच्या शेवटी बोललेले शब्द असतील तर ते कोणत्या वेगाला माणसाच्या बोलण्यासारखे वाटतात ते ऐका. तानांचा दाणा सुटा ऐकू येतो का ते पाहा. आजच्या पेटीच्या ४४० हर्ट्झला ओढून जुळवण्याचा मोह टाळा, त्या काळच्या ऑर्गन-पेट्या या मापाला बांधलेल्या नव्हत्या. स्वर ठरावीक अंतराने डुलत असेल तर दोष वेगाचा नसतो, भोक मध्यावर नसते. भोक कानशीने मोठे करू नका. तबकडी किंचित सरकवून, सुईचा हात डावी-उजवीकडे हलायचा थांबेल अशी बसवा.

डिजिटल प्रत

सत्रात तबकडी प्रत्यक्ष वाजवण्यापेक्षा आधी उतरवून घेतलेली फाइल वाजवणे शहाणपणाचे. वेव्ह फाइल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल ठेवून. तीन मिनिटांना साधारण १०० एमबी लागतात. पातळी शिखराला उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण ओरखड्यांचे टोले गाण्यापेक्षा मोठे असतात. ही पहिली प्रत जशीच्या तशी जपून ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केले की सुईच्या वर-खाली हालचालीची खरखर बरीचशी कटते. इतकी फुकटची साफसफाई दुसरी नाही.

विजेचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. त्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गात असे. फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा आवाज वाढवणारी पेटी) खालच्या-वरच्या स्वरांच्या तोलाची जी आरआयएए दुरुस्ती लावतो ती नंतरच्या एलपींसाठी ठरलेली आहे, भोंग्याच्या तबकडीला ती लागू नाही. ऑडॅसिटीत फिल्टर कर्व्ह ईक्यूमध्ये आरआयएए निवडून 'इन्व्हर्ट' केले की ती निघून जाते. मग भोंग्याच्या मुद्रणात ५-६ किलोहर्ट्झच्या वरचे आणि विजेच्या मुद्रणात ८-९ च्या वरचे कापा. एवढ्यावर थांबा. खरखर पूर्ण घालवणारे फिल्टर लावले तर 'स', 'श' पुसले जातात आणि आवाज माठात बोलल्यासारखा येतो. श्रोत्याचा कान खरखरीला अर्ध्या मिनिटात सरावतो, गेलेले व्यंजन मात्र परत मिळत नाही.

सभागृहात एकच स्पीकर मध्यभागी ठेवा. लग्नाच्या मांडवातले दोन मोठे खोके दोन बाजूंना लावले की मोनो आवाज भोवतीने फिरतो. बास पूर्ण खाली, प्रतिध्वनी बंद. लॅपटॉपला यूपीएस असावा आणि सगळ्या फाइली मोबाइलमध्येही असाव्यात.

प्रत्यक्ष गायन

सव्वातीन मिनिटांत बसवलेले पद म्हणजे बालगंधर्वांचे रंगमंचावरचे गाणे नव्हे. तिथे वन्स मोअर घेत एकेक पद कितीतरी लांबे. म्हणून एखादी तबकडी ऐकवून लगेच तेच पद गायकाकडून बारा मिनिटे गाऊन घ्या: आधी मुद्रित, मग विस्तार. 'स्वयंवर'मधले भूपाचे 'सुजन कसा मन चोरी' किंवा भीमपलासातले 'स्वकुल तारक सुता' याला चांगले. गायकाला नक्कल नको असे स्पष्ट सांगा. लाडिक हेल काढला की टाळ्या मिळतात आणि गायकी बाजूला पडते. साथीला पायाचा ऑर्गन मिळाला तर आठवडाभर आधी वाजवून पाहा. ओलीने पट्ट्या फुगून खाली अडकतात आणि एक स्वर पदभर चालू राहतो. ऑर्गन नसेल तर साधी पेटी आणि सारंगी घ्या. कीबोर्डवरचा चर्चचा ऑर्गन नको.

हक्क

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९३५ ची तबकडी १९९५ अखेर मोकळी झाली. शब्द आणि चालीचा हिशेब निराळा, तो कर्त्याच्या निधनापासून ६० वर्षे. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची पदे २००८ अखेर मोकळी झाली. भास्करबुवांच्या चाली त्याआधीच. संगीतकार मास्टर कृष्णराव मात्र १९७४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर २०३४ अखेरपर्यंत हक्क आहे. तिकीट लावून त्या गाणार किंवा वाजवणार असाल तर परवान्याची चौकशी आधी करा.

सत्राचे चित्रण नेटवर चढवले की कंपन्यांची यंत्रणा जुन्या तबकडीवरही दावा लावते, कारण तेच मुद्रण त्यांच्या नंतरच्या सीडीत असते. उत्तर देताना लेबल क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो हाताशी लागतात. हीच माहिती, नाटक, पदकर्ता, संगीतकार आणि तुम्ही लावलेला वेग यांच्यासह फाइलखाली लिहून ठेवा. वेग लिहायचा राहिला, तर पुढे ती फाइल वापरणाऱ्याला पट्टी पुन्हा शून्यापासून शोधावी लागते.